सुजेवरचा लेप

दुष्काळानं नांदूरघाट सोडून कारखान्यावर ऊसतोडीला आलेल्या भिवराबाईचा गुडघा मोळ्या वाहून भोपळ्यासारखा सुजला होता. मंगळवारी देवीला वाहायची हळद तिनं हात जोडून उचलली. नुसती हळद कातडीवरच राहते, मिरं अन् निर्गुडी सोबत असली तरच सूज आतून ओसरते, असं आई सांगायची. म्हणून तिन्ही वाटून तिनं तेलात लेप शिजवला. तेवढ्यात नवरा वाटी उचलून बैलाकडं निघाला. जोखडानं बैलाचा खांदाही सुजला होता. "माझ्या गुडघ्याला केलंय हो ते," ती म्हणाली. "बैल बसला तर गाडी बसती," तो म्हणाला. "तू बसून बी मोळ्या बांधतीस." वाटी निपटून त्यानं सगळा लेप खांद्यावर चोळला आणि पिवळे हात पुसायला फडकं मागितलं. तिनं लुगडं वर सारून पाय पुढं केला. "फडकं कशाला खराब करता? हितं पुसा."