गाळलेलं पान

“एवढंच सापडलं, मॅडम?” अहवालाची नऊ पानं उलटून झाल्यावर प्रशिक सरांनी विचारलं.

“हो सर,” कामिनी म्हणाली. चेहऱ्यावरची रेष हलू न देता खोटं बोलणं तिला जमत होतं. वाडी नाक्यावरच्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात दहा वर्षं काढलेल्या बाईला ते जमतंच.

मिहानच्या उद्योगनगरीतल्या सरांच्या या छोट्या कंपनीत सायबर सिक्युरिटीची एक जागा होती आणि शेवटी उरल्या होत्या दोघी. रितिका इंजिनिअर. कामिनी बारावी पास, वय चौतीस, हातात दोन सर्टिफिकेटं. त्या सर्टिफिकेटांवरून घरात वर्षभर डोकेफोड झाली होती. नवरा जितेंद्र म्हणे, तीन वर्षं लागली तरी चालतील पण डिग्रीच कर, त्याशिवाय तुला दारात कोण उभं करणार? तीन वर्षांनी मी सदतीसची होईन, तेव्हा तरी कोण करणार, असं म्हणत तिने हट्टाने सर्टिफिकेटं केली. महिन्यापूर्वी नोकरीही सोडली. तिच्या खुर्चीत आता दुसरी मुलगी बसली होती. ही जागा हुकली तर मागे फिरायची सोय नव्हती, आणि जितेंद्रचं ‘मी सांगितलं होतं’ जन्मभर ऐकावं लागणार होतं.

सरांनी दोघींना काम एकच दिलं होतं. माझ्याबद्दल इंटरनेटवर उघड्यावर काय काय पडलं आहे ते शोधा. चोर आधी तेच शोधतो. म्हणून सगळं लिहून आणा, काही सोडू नका.

कामिनीने दोन दिवस धड जेवणही केलं नाही. सरांचा जुना फोन नंबर सापडला, घराचा पत्ता सापडला, गाडीचा नंबर सापडला. आणि एका कॉलेजच्या विसरल्या गेलेल्या पानावर एक जुना निकाल सापडला. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, सरांचं पूर्ण नाव, तीन विषयांत नापास. पुढच्या कुठल्याही यादीत ते नाव नव्हतं. म्हणजे साहेबाकडेच डिग्री नव्हती. कामिनी त्या दुपारी घरात एकटीच हसली. आपण चुकलो नाही, असं तिला वर्षभरात पहिल्यांदा वाटलं.

मग ते पान तिने अहवालातून काढून टाकलं. ‘सगळं लिहा’ असं मालक लोक म्हणतातच. ते खरं धरायचं नसतं, एवढी अक्कल तिला वाडीच्या नोकरीने शिकवली होती. तिथले मालक दुपारी कुठे जातात हे तिला पक्कं ठाऊक होतं, आणि मालकीणबाईंना तिने कधी त्याचा सुगावा लागू दिला नव्हता. म्हणून तर इतकी वर्षं टिकली. साहेबाचं उणं त्याच्याच टेबलावर ठेवायचं आणि वर नोकरी मागायची, हे काही तिच्या बुद्धीला पटेना.

आता सरांनी दुसरा अहवाल तिच्यापुढे सरकवला. रितिकाचा. पहिल्याच पानावर तो निकाल होता. सर शांतपणे म्हणाले, डिग्री नाही हे मी कुणापासून लपवत नाही. मला जे येतं ते एका भल्या माणसाने कामावरच शिकवलं. बोलता बोलता त्यांनी खणातून नेमणूकपत्राचा लिफाफा काढला.

शेवटी डिग्रीवालीच जिंकली, एवढंच कामिनीला कळलं. जितेंद्रचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि तिला राहवेना.

“मलेबी सापडला होता सर, शपथ. तुमाले वाईट वाटन म्हणून मी काढून टाकला.”

तिने मोबाईल उघडून त्या पानाचा काढून ठेवलेला स्क्रीनशॉट त्यांच्यापुढे धरला. त्यावर तारीख होती, वेळ होती. रितिकाच्या अहवालातल्या तारखेच्या एक दिवस आधीची. आपण कमी नव्हतो या विचाराने तिला इतकं भरून आलं की डोळे ओले झाले.

सरांनी ती तारीख वाचली. मग त्यांनी लिफाफा परत खणात ठेवला. त्यावर कामिनीचं नाव होतं.

“नसता सापडला त मी शिकवलं असतं, ताई,” ते म्हणाले. “पण सापडलेलं झाकणाऱ्याले कामावर कसं ठेवू?”