पथ्य संपलं

"आवळा. धरून ठेवा. आता सोडा."

सुनेने सोडलं. फिजिओथेरपिस्टने हातमोजे काढून टोपलीत टाकले. ओटीपोटाखालचे स्नायू आता नीट आवळत होते, नीट सुटत होते. बाळंतपणाचे टाके उसवून ही मुलगी पहिल्यांदा आली, तेव्हा तिला खुर्चीवर धड टेकताही येत नव्हतं. आज फिजिओथेरपिस्ट स्वतःवरच खूश होती.

"झालं. सुटलात माझ्या तावडीतून."

"अजून थोडं दुखतं," सून छताकडे बघत म्हणाली.

"कुठे? मघाशी दाबलं तेव्हा तर नाही म्हणालात."

सून टेबलावरून उठेना. शेवटच्या दिवशी पुष्कळजणींचा पाय निघत नाही. फिजिओथेरपिस्टला त्याची सवय होती आणि थोडा अभिमानही.

"एवढा लळा लावून घेऊ नका हो," ती हसत म्हणाली आणि पडदा सारून बाहेर आली.

शेवटच्या दिवशी बाहेर येऊन घरच्यांना स्वतः बातमी द्यायची, ही तिची पद्धत. त्याची तिला भारी हौस. बाहेर सासू नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. तिचा मुलगा, सुनेचा नवरा, नेहमीसारखा उभाच होता.

"अभिनंदन! तुमच्या मंडळी ठणठणीत आहेत."

"म्हणजे आता पथ्य नाही?" त्याने अगदी नम्रपणे विचारलं.

"कसलंही नाही."

"कसलंही?"

"अहो, नाही म्हटलं ना! माझ्या धाकामुळे इतके दिवस कळ काढलीत, आता मोकळे."

ती हसली. तोही हसला. सून मागे दारात आली होती. चपलेचा पट्टा लावायला ती वाकली, ती वाकलेलीच राहिली.

सासू एकदम उठली. "मॅडम, माझंही बघता का? आत्ताच."

फिजिओथेरपिस्टला आनंदच झाला. खोकला आला की ही बाई मांड्या आवळून बसते, हे तिने केव्हाच टिपलं होतं. किती वेळा विचारलं, पण बाई दाद देत नव्हती. आज अशी कशी वाट चुकली?

सासूने बाळ सुनेच्या हातात दिलं. "घट्ट धर. खाली ठेवू नकोस," ती म्हणाली. मग मुलाकडे न बघता म्हणाली, "मला वेळ लागेल. तुम्ही थांबा."

आत टेबलावर ती डोळे मिटून पडली. तपासताना फिजिओथेरपिस्टचा चेहरा उतरत गेला.

"काकू, अंग, म्हणजे गर्भाशय, बरंच खाली आलंय. कधीपासून आहे हे?"

"हा झाला तेव्हापासून."

"आणि इतकी वर्षं कुणाला दाखवलं नाहीत?"

"मला कुणी पथ्य सांगितलं नाही." सासू शांतपणे बोलत होती, पण तिचा एक कान बाहेर होता. "ओली बाळंतीण होते मी. ह्याचे वडील थांबले नाहीत."

फिजिओथेरपिस्टचा हात जागीच थांबला.

"सुनेचे टाके कसे उसवले, ते काय लिहिलंय तुमच्याकडे?"

"जिन्यात घसरून पडल्या म्हणून."

"आमच्या घराला जिना नाही," सासू म्हणाली. "मी मध्ये पडले, तर त्याने मला ढकलून दार लावून घेतलं. मग तुम्ही त्याला बजावलंत, 'मी सांगेपर्यंत तिच्याजवळ जायचं नाही.' माझं ऐकत नाही, बायकोचं ऐकत नाही, पण डॉक्टर लोकांना भितो. तेवढ्या एका वाक्यावर पोरगी रात्री झोपत होती."

"मग मला आधी का नाही सांगितलंत?"

"पोटचा आहे हो माझा."

फिजिओथेरपिस्टने हातमोजे ओढून काढले. काहीतरी निमित्त काढून पथ्य पुन्हा लावायचं, एवढंच तिला सुचलं. एक तपासणी राहिली, एक टाका कच्चा वाटतो, काहीही. ती तशीच बाहेर धावली.

खुर्च्या रिकाम्या होत्या. स्वागतकक्षातली मुलगी बाळाला खांद्यावर घेऊन थोपटत होती.

"साहेब गेले. म्हणाले, आजी बाळाला घेऊन रिक्षाने येतील. घाई होती त्यांना."

"आणि ती?"

"त्यांना घेऊनच गेले. त्या बाळ सोडत नव्हत्या. साहेबांनीच त्यांच्या हातून काढून माझ्याकडे दिलं."

फिजिओथेरपिस्टने फोन लावला. त्याने लगेच उचलला.

"ऐका, माझी चूक झाली. अजून काही दिवस पथ्य पाळावं लागेल. एक टाका..."

"मॅडम," तो खेळीमेळीने म्हणाला, "सगळ्यांसमोर सांगितलंत की. आता शब्द फिरवू नका. फार उपकार झाले तुमचे."

मागे कुणाचा आवाज नव्हता. रडण्याचा नाही, बोलण्याचाही नाही. फोन बंद झाला, तो पुन्हा लागलाच नाही.

कपडे कसेबसे सावरत सासू बाहेर आली. तिने रिकाम्या खुर्च्या बघितल्या. मुलीच्या खांद्यावरून बाळ उचललं आणि दाराबाहेर पडली.

"काकू, थांबा, मी गाडी काढते!"

पण ती रस्त्यावर पोचलीही होती. आधी भराभर चालली, मग पळायला लागली. एक हात बाळाच्या पाठीवर होता. दुसऱ्या हाताने तिने स्वतःचं अंग खालून दाबून धरलं होतं.