कपाटातल्या पट्ट्या

बोटातल्या रक्ताच्या थेंबावरून सिकलसेल ओळखणारी पट्टी डॉ. म्सुका यांनी मलावीतल्या ब्लँटायर शहरातल्या प्रयोगशाळेत आठ वर्षं खपून बनवली होती. खेड्यातल्या दवाखान्यात त्याच पट्ट्यांची खोकी कपाटात पडून असलेली पाहून ते तिथल्या नर्सवर, सिस्टर एनालावर, उखडले.

"वाळवीला घालायला पाठवल्या का मी?"

"पहिल्या तीस वापरल्या, डॉक्टर. अकरा पोरांना आजार निघाला. आया म्हणाल्या, आता औषध द्या. कुठनं देऊ?"

"औषध सरकार बघेल. आजार कळायला तर हवा."

"मग बाहेर एक बाई बसलीय, पोराची बोटं सुजलीत. ही घ्या पट्टी, आणि काय निघेल ते तुम्हीच सांगा तिला. मी आपली पूर्वीसारखं सांगते, पाणी पाजा, प्रार्थना करा."

पट्टी घेऊन डॉक्टर तरातरा बाहेर आले. बाईनं रिवाजाप्रमाणे गुडघे टेकले आणि पोराचा हात पुढे केला.

"आधीची दोन कशानं गेली, ते कुणी सांगितलंच नाही, डॉक्टर."

म्सुकांनी पट्टी हळूच खिशात सरकवली.

"पाणी पाजत जा, मायी," ते म्हणाले. "आणि प्रार्थना करा."