चौकातला फळा

कारगिलचं युद्ध सुरू झाल्यापासून तालुक्याहून येणारा सरकारी कागद निवृत्त शिक्षिका प्रतिभाबाई रोज चौकातल्या फळ्यावर उतरवत आणि निरक्षरांना मोठ्यानं वाचून दाखवत. आज त्यांनी लिहिलं, ‘शत्रूचा धुव्वा. आपली हानी किरकोळ.’ तेवढ्यात चिमाजी समोर येऊन उभा राहिला. त्याचा मुलगा लढाईत कामी आल्याची तार परवाच आली होती. नाशिकच्या बाजारात जाणारा त्याचा झेंडू तेव्हापासून मळ्यातच सुकत होता. “बाई, माझ्या किशोरचं काय लिवलंय?” बाईंना ‘किरकोळ’ वाचवेना. त्यांनी ती ओळ पुसून लिहिलं, ‘आपला किशोर चिमाजी काठे गेला.’ आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. ग्रामसेवक फडकं घेऊन धावला. “वरून आलंय तेवढंच लिहायचं, बाई. लोकांचा धीर खचेल.” त्यानं नाव पुसलं. बाईंनी पुन्हा लिहिलं. “पुसा. पहिलीत हे नाव मी त्याच्याकडून शंभरदा गिरवून घेतलंय. आता मी गिरवते.”