दिवसाची लाईन

गवा दिसला तसे व्यंकटरावांनी उघड्या जीपमध्ये बसल्या बसल्या हात जोडले.

दाजीपूरच्या जंगलात सकाळचे सात वाजले होते. परभणीहून पाचशे किलोमीटर गाडी हाकत, घाटात पोरीच्या दोन ओकाऱ्या निस्तरत हे कुटुंब आलं होतं, ते याच्यासाठी. वीस पावलांवर काळाभोर गवा चरत होता. गाईडनं ओठांवर बोट ठेवलं. व्यंकटराव तर श्वाससुद्धा गव्याला विचारून सोडत होते.

"काय देखणं जनावर हाय," ते बायकोच्या कानाशी पुटपुटले. "देवच की."

राजेश्रीला हसू आलं. मागच्या महिन्यात याच माणसानं हरभऱ्याच्या कुंपणात करंट सोडला होता. गाभण रोही, म्हणजे नीलगाय, चिकटून मेली. तिला ओढ्याकाठी पुरून, हातपाय धुऊन यांनी दोन भाकरी जास्तीच्या खाल्ल्या होत्या. रोही देखणी नसावी. किंवा तिला बघायला तिकीट नसतं, म्हणून असेल.

बायको हसली तसे ते खुलले. हरभऱ्याची काळजी करू नको म्हणाले. काल पहाटे निघताना तार जोडून, मोटरीच्या पेटीला कुलूप लावूनच आलोय. चावी हे बघ, खिशात. कुणाला सांगितलं नाही. लाईन रात्रीची, रात्री कोण मरायला जातंय बांधावर?

राजेश्रीचं हसू जागच्या जागी वाळलं.

"आज सोमवार हाय," ती म्हणाली. "आजपासून दिवसाची लाईन."

सोमवारी शेतीच्या विजेची पाळी बदलते, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. साडेआठला लाईन येणार. आणि शेजारची सुलाबाई रोज सकाळी त्याच कुंपणाला लागून गवत कापते.

व्यंकटरावांचं तोंड उतरलं, पण घडीभरच. फेरी संपल्यावर बघू, म्हणाले. आता फोन केला तर गावभर बोभाटा, वर पोलिसांचं लचांड. आणि ते परत गव्याकडं वळले.

फेरी संपायला दोन तास होते. तिनं पर्समधून फोन काढला. रेंजची एकच दांडी होती. सुलाबाईच्या नवऱ्याला, सितारामला लावला. गाईड हातवारे करू लागला. मागून पोरगी म्हणाली, आई, हळू. पण सिताराम कानानं अधू. त्याच्याशी हळू बोलायची सोयच नव्हती.

"भाऊजी," राजेश्री बांधावरून हाक मारावी तशी ओरडली, "सुलाबाईला आमच्या कुंपणाकडं जाऊ देऊ नका. तारेत करंट हाय. व्हय, ह्यांनीच सोडलाय. लाईन यायच्या आत डीपीवरचा आमचा फ्यूज काढा."

गव्यानं मान वर केली, एक फुत्कार टाकला आणि झाडीत शिरला. तिकडून "निघालो" ऐकू येईस्तोवर तिनं फोन ठेवला नाही.

"घालवलंस ना जनावर," व्यंकटराव दात खात म्हणाले.

"जिवंत गेलं ना," राजेश्री म्हणाली.