पेरोचा पट्टा

एलुनेड स्वयंपाकघरात घसरून पडल्याचं कळताच तिची लेक कॅरिस कार्डिफहून गाडी घेऊन आली आणि तिनं आधी कुत्र्याचा पट्टा ताब्यात घेतला. "आई, ऐंशीला टेकलीस. कुत्रा फिरवणं आता पुरे. पेरोला मी घेऊन जाते." एलुनेड बुटांच्या नाड्या बांधत होती. "मी पडले स्वयंपाकघरात. न्यायचंच असेल तर ते ने!" म्हणत तिनं लेकीच्या हातातला पट्टा ओढून घेतला, पेरोच्या गळ्यात अडकवला आणि टेकडीची वाट धरली. तिला सांभाळायला म्हणून कॅरिस मागोमाग धावली. चर्चपर्यंत ती कशीबशी पोचली. पुढच्या चढावर मात्र धाप लागून मेंढ्यांच्या कुंपणाला रेलली. "आई, थांब गं! डॉक्टरांनी काय सांगितलंय तुला?" "चालत राहा म्हणून!" वरून एलुनेड ओरडली. "तुला काय सांगितलंय?" संध्याकाळी ठणकणारे पाय चोळत कॅरिस गाडीत बसली, ती एकटीच.