पहिला तांब्या

मधुमेहाने बधिर झालेल्या दिगंबररावांच्या तळपायांत डॉक्टरांनी केसाहूनही बारीक अशा कार्बनच्या नसा ओवल्या, त्याला आज आठवडा झाला होता; पायांवर पाणी घ्यायला आजच परवानगी मिळाली होती. बारा वर्षं त्यांच्या आंघोळीचं पाणी सुलोचनाबाईच हात घालून बघत. आजही त्यांनी बादलीत हात बुडवला.

"कोमट आहे. या."

दिगंबररावांनी पहिला तांब्या पायांवर ओतला आणि ते किंचाळलेच. मग लहान मुलासारखे हसले. "अगं, भाजलं! मला भाजलं!"

"इश्श, एवढ्या कोमट पाण्याने?"

त्यांनी वळून पाहिलं. सुलोचनाबाईंचा हात अजून बादलीतच होता, मनगटापर्यंत लालबुंद. दिगंबररावांचं हसू मावळलं. तो हात त्यांनी अलगद उचलून गार पाण्याखाली धरला.

"उद्यापासून पाणी मी बघणार," ते म्हणाले. "तुझंसुद्धा."